निकालाआधीचा पेढा

निशिगंधा खरंखुरं हसली की तिचा डावा डोळा मिटतो आणि उजवा पाऊणच उघडा राहतो. सोबत एक खांदा वर जातो, आणि हातात चहा असेल तर तो माझ्या फरशीवर सांडतो. ती एवढीशी होती तेव्हापासून मी तिला पाऊणडोळे म्हणते आणि ती मला म्हणते, मावशी, तू गप बस. आमचं असं आहे.

इकडे तेलुगू मुलखात, तारनाक्याला, एकाच बिल्डिंगमध्ये मी खाली आणि ते वर. तिचे वडील बुद्धभूषण हिंगोलीकडचे, रेल्वेत नोकरीला. माणूस इतका कमी बोलतो की ते नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं होतं यांना मराठी येत नसावं. आई त्रिवेणी दवाखान्यात नर्स, तिची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. त्यामुळे पोरगी वाढली माझ्या स्वयंपाकघरात. त्यांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब, माझ्या घरात गणपती, पण भूक लागली की निशिगंधाला दोन्ही घरं सारखी, आणि चिवडा माझ्याकडचा जास्त तिखट म्हणून ती आधी माझ्याकडे यायची. तिचं मराठी ऐकून माझी पुण्याची बहीण चक्रावते. "मावशी, मोटर खराब झाली लगता, वर पाणीच नाही," असं म्हणते पोरगी. नको म्हणायचं असेल तर नक्को. मराठी वाचायला दिलं तर अडखळते, आणि तेलुगू पेपर मात्र भराभर वाचून मला त्यातल्या भानगडी सांगते.

आता तिच्या फोटोंचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच आहे.

या हसऱ्या पोरीचा हसतानाचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा आला की ती ओठ मिटायची, हनुवटी खाली घ्यायची, हात शरीराला चिकटवायची. हे तिला त्रिवेणीनं शिकवलं होतं. त्रिवेणीचा लहानपणाचा म्हणून एकच फोटो आहे, शाळेचा, आणि त्यात ती कोणाच्या तरी कोपराच्या मागे गेलेली. कान तेवढा दिसतो. हा माझा कान, असं ती दाखवते. म्हणून आपली मुलगी फोटोत पूर्ण आली पाहिजे, सरळ आली पाहिजे, दातावर दात आहे तो दिसायला नको, यावर तिचा कटाक्ष. फोटो म्हणजे तिच्या लेखी इस्त्रीचे कपडे घालून करायची गोष्ट. मी एकदा म्हटलं, अगं त्रिवेणी, पोरीचे फोटो आहेत की आधार कार्ड. ती म्हणाली, ताई, तुमचे अल्बम भरलेत म्हणून तुम्हाला मजा सुचते.

तर असं सराईत फोटोतोंड असलेली ही पोरगी दहावीला चांगली पास झाली आणि इंटरला शहराबाहेरच्या एका मोठ्या कोचिंग कॉलेजात गेली. इंटर म्हणजे आपली अकरावी-बारावी. हॉस्टेलवर राहायचं, अंधार असताना उठायचं, दिवसभर गणित आणि फिजिक्स, घरी फोन फक्त रविवारी. आमच्याकडे अर्धं शहर हेच करतं, त्यामुळे कोणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

पहिल्याच वर्षी कॉलेजनं सगळ्यांना कोट घालून फोटो काढले. हाताची घडी, एक बोट वर, नजर लांब कुठेतरी. बाकीच्या पोरांनी हसून, वाकून, डोळे मिचकावून फोटोवाल्याला जेरीला आणलं. आमची बाई मात्र आईच्या शिकवणीप्रमाणे खांबासारखी उभी राहिली. हनुवटी जागेवर, ओठ जागेवर. कॉलेजला तेच आवडलं. असा आत्मविश्वास दुसऱ्या कोणाच्याच चेहऱ्यावर नाही, म्हणाले. आणि ॲडमिशनच्या दिवसांत निशिगंधाचा फोटो शहरभर लागला. मेट्रोच्या खांबावर ती, ऑटोच्या पाठीवर ती, चिक्कडपल्लीत माझ्या नेहमीच्या भाजीवाल्याच्या डोक्यावर ती. मी भाजी घेताना तिला म्हणायची, काय गं, कोथिंबीर ताजी आहे का, सांग की. ती बोट वर करून आकाशाकडे बघत राहायची.

घरी काय आनंद झाला म्हणता. बुद्धभूषण, जो माणूस वाढदिवसालाही तोंड उघडत नाही, तो ऑफिसातल्या लोकांना चहाला म्हणून खाली न्यायचा आणि तो खांब येईल अशा बाजूनं चालवायचा. चौदा एप्रिलला त्यांच्या विहारात कार्यक्रम झाला, तिथे निशिगंधाचा शाल देऊन सत्कार केला. म्हाताऱ्या बायका तिच्या गालावरून हात फिरवून रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. आपल्यातली एक मुलगी एवढ्या मोठ्या शहरात खांबावर चढली, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि तो फ्लेक्स बघून बुद्धभूषणच्या चुलतभावानं हिंगोलीहून आपला मुलगा त्याच कॉलेजात आणून घातला.

खरी गाठ इथे बसली.

कारण तोवर निशिगंधाला तिथून बाहेर पडायचं होतं. रविवारी फोनवर ती आईला सांगायची, मम्मी, मला इथं नाही राहायचं, घरी राहून साध्या कॉलेजात जाते. झोप येत नाही म्हणायची, आणि वर्गात मात्र बसल्या बसल्या डोळे मिटतात म्हणायची. फळ्यावरचं कळतं, पण उठून उत्तर द्यायला गेलं की सगळं पुसलं जातं म्हणायची. त्रिवेणी रडकुंडीला यायची आणि फोन नवऱ्याकडे द्यायची. बुद्धभूषण ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, थोडं ॲडजस्ट कर बेटा. आता तुला बघून लोकांनी पोरं घातलीत तिथं. तूच निघालीस तर त्यांना काय सांगू.

तो दुष्ट नाही हो. त्याला खरंच कळत नव्हतं काय सांगू ते. मलाही सुचलं नसतं. ज्या मुलीचं तोंड दारावरच लावलंय, ती दारातून बाहेर कशी पडणार.

निशिगंधानं मग सांगणं बंद केलं. फोनवर जेवले, बरी आहे, ठेवते, एवढंच.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या बऱ्याच आधी कॉलेजनं पालकांना एका रविवारी बोलावलं. का, तर निकालाच्या दिवसाचे फोटो काढायला. मी म्हटलं, अहो, परीक्षाच झाली नाही, निकाल कुठला. बुद्धभूषण म्हणाला, ताई, ते आधीच काढून ठेवतात. निकाल लागतो सकाळी, पेपरात जाहिरात द्यायची असते लगेच, त्या धांदलीत पोरं कुठे शोधणार. ज्यांचा नंबर येतो त्यांचे फोटो वापरतात, बाकीचे तसेच राहतात. पालकांनी मुलांना पेढा भरवायचा आणि सगळ्यांनी आनंदात दिसायचं, असं ठरलेलं.

त्रिवेणीला ड्यूटी बदलून मिळेना, म्हणून तिच्या जागी मी गेले. आई नाही तर मावशी, फोटोत बाई हवी एवढंच.

हॉलमध्ये पालकांची लांब रांग. पुढे एक निळा पडदा, त्याच्यासमोर तीन खुर्च्या, बाजूला दोन छत्र्यांचे लाइट. टेबलावर पेढ्यांचा एक बॉक्स. एकच बॉक्स, आणि त्यातला एकच पेढा सगळ्यांच्या तोंडापाशी जात होता. खायचा नाही, फक्त धरायचा. हॉस्टेलच्या इन्चार्ज मॅडम हात पुसायला कागद घेऊन उभ्या. माझ्या पुढच्या आजोबांनी नातवाला तो खरंच भरवला. मॅडम त्यांच्यावर अशा ओरडल्या की आजोबा घाबरून पोराच्या तोंडात बोट घालून तो काढायला लागले. मी हसले, रांगेतले सगळे हसले. फोटो तेव्हाच काढायला हवा होता, पण फोटोवाला लाइट सरकवत होता.

फोटोवाले मुकुंदराव आपलेच निघाले, मराठी, गौलीगुड्यात त्यांचा स्टुडिओ. लग्नं, बारशी, आणि आपल्याकडे तेलुगू लोकांचं बघून सगळेच आता मुलगी वयात आली की हाफसाडी फंक्शन करतात ती फंक्शनं, सगळं काढतात. मी ओळख काढली तर म्हणाले, काय सांगू वहिनी, जन्मभर लोकांना नीट उभं राहा सांगत आलो, आता कॉलेज म्हणतंय यंदा पोज नक्को, नॅचरल पाहिजे. गेल्या वर्षीचे फोटो बघून लोक म्हणाले, पोरं पुतळ्यासारखी दिसतात. मग ते पुढच्या पोराकडे वळले आणि म्हणाले, चल बेटा, हनुवटी थोडी खाली, डावीकडे बघ, कोणी बोलावलंय असं बघ, हां, आता हस, नॅचरल. पोरगं बिचारं दात दाखवून डावीकडे बघत राहिलं. डावीकडे भिंत होती.

निशिगंधा आली तेव्हा मी तिला लगेच ओळखलं नाही. कोट तोच होता, खांबावरचा, पण आत मुलगी कमी झाली होती. वेणी घट्ट, डोळ्यांखाली काळं. मला बघून तिनं हात पुढे केला, मी धरला, तो गार होता. मी नेहमीसारखं म्हटलं, काय गं पाऊणडोळे, हॉस्टेलवाले तुला खायला देतात का नुसतं बोट वर करायला लावतात. ती हसली. म्हणजे ओठ हलवले.

बुद्धभूषणनं शर्टाची कॉलर नीट केली. मधल्या खुर्चीवर निशिगंधा, एका बाजूला तो, एका बाजूला मी. त्याच्या हातात पेढा, तिच्या ओठांपासून जरा लांब. मुकुंदराव म्हणाले, हस बेटा. ती हसली. ओठ मिटून, हनुवटी खाली, आईनं शिकवलं तसं. मॅडमनी मान हलवली, नक्को, ये पिछले सालवाला है. परत हसली. परत तसंच. मुकुंदराव म्हणाले, मोठ्यानं हस, आवाज येऊ दे. तिनं हा हा केलं. मागच्या रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं.

मग मॅडमना कोणीतरी सांगितलं असणार, किंवा मीच रांगेत तोंड वाजवत होते ते त्यांनी ऐकलं असणार. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, आंटी, आपकी बातों पे हसती होगी ना बच्ची, कुछ बोलो ना.

आता हसवायचं म्हटलं तर माझ्याकडे एक हुकमी गोष्ट आहे. आमचे हे एकदा ऑफिसातल्या तेलुगू मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेले आणि शेजारच्या फंक्शन हॉलमध्ये शिरले. तिथे पोटभर जेवले, अक्षता टाकल्या, पाकीट दिलं, स्टेजवर नवरा-नवरीच्या मधोमध उभं राहून फोटो काढला आणि घरी आले. मुलगी थोडी सावळी झाली गं, एवढंच म्हणाले. ही गोष्ट निशिगंधानं माझ्याकडून इतक्यांदा ऐकलीय की मी नुसतं "आमचे हे एकदा" म्हटलं तरी तिचा डावा डोळा मिटायला लागतो. ताप आला की सांग, पेपर वाईट गेला की सांग.

मी पुढे सरकले, पदर खोचला आणि सुरू केलं, आमचे हे एकदा काय झालं माहितीये ना.

लाइट तिच्या तोंडावर होता. मुकुंदरावांचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला, बोट तयार. मॅडम वाट बघत होत्या. बापाचा हात पेढा धरून अवघडला होता. निशिगंधानं माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू, मलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, ती इथं नक्को सांगू."

मी थांबले.

"ती घरची आहे," ती म्हणाली.

मी आयुष्यात अर्ध्यावर गोष्ट सोडलेली नाही. लोक उठून गेले तरी मी पुरी करते. पण तेव्हा तोंड मिटलं ते मिटलंच. मॅडम म्हणाल्या, क्या हुआ आंटी, बोलो. मी म्हटलं, भूल गई. मॅडमनी सुस्कारा सोडला. मागे रांग वाढली होती, लाइटमुळे सगळ्यांना घाम फुटला होता, आणि त्या पडद्यापुढून आम्हाला कोणी उठूही देत नव्हतं. हसल्याशिवाय सुटका नाही आणि हसू येत नाही, असे आम्ही तिघं तिथे बसलेलो. पेढा बुद्धभूषणच्या बोटांत मऊ पडायला लागला होता.

शेवटी मुकुंदराव कॅमेऱ्यातून डोळा काढून म्हणाले, "असू दे बेटा. काही करू नको. जशी आहेस तशी बस."

ती तशी बसली. तिनं हनुवटी सोडली, खांदे सोडले, ओठ सोडले. मी तिला एवढ्या वर्षांत दमलेली बघितलीय, रडलेली बघितलीय, माझ्यावर चिडलेली बघितलीय. हे त्यातलं काहीच नव्हतं. बसस्टॉपवर बस येणार नाही हे कळल्यावरही माणूस बसून राहतो ना, तसं. मुकुंदरावांनी बटण दाबलं.

बुद्धभूषणला फोटो बघायचा होता. फ्लेक्सवर कसा येईल ते बघू, म्हणून तो उठून कॅमेऱ्याच्या मागे गेला. मुकुंदराव जरा आढेवेढे घेत होते, पण दाखवला. मीही वाकून बघितला.

छोट्या पडद्यावर आम्ही तिघं. माझं तोंड अर्धवट उघडं, ते सोडा. बुद्धभूषण कॅमेऱ्याकडे बघून हसत होता, मोठं, दात दिसतील असं, त्यानं मनापासून केलेलं हसू. आणि त्याच्या हातातल्या पेढ्याच्या पलीकडे त्याची मुलगी.

तो पडद्यावर वाकला. मग मुकुंदरावांना म्हणाला, जरा मोठा करा. मुकुंदरावांनी मोठा केला. तिचा चेहराच राहिला, बाकी आम्ही सगळे बाहेर गेलो.

"ताई, ही कधीपासून अशी दिसते?" त्यानं मला विचारलं.

मला काय माहीत असणार. मी तिला सुट्टीतच बघायची, आणि सुट्टीत ती माझ्यासाठी हसायची.

खुर्चीवरूनच निशिगंधा म्हणाली, "पप्पा, मी सांगितलं होतं ना."

मॅडम पुढे आल्या, फोटो बघितला आणि म्हणाल्या, ये तो नक्को सर, इसमें बच्ची डल दिख रही है, एक और लेते. बुद्धभूषणनं हातातला पेढा बॉक्समध्ये परत ठेवला. नीट, बाकीच्यांच्या ओळीत. मग हात पुसले आणि मॅडमना त्याच्या ऑफिसच्या हिंदीत सांगितलं की मी मुलीला घरी नेतो. मॅडमना वाटलं दोन दिवसांसाठी. त्यानं सांगितलं, नाही, कायमची.

मग झालं ते ऑफिसात, खुर्च्यांवर बसून, चांगलं ताणून. वर्षाच्या मधे दाखला मिळणार नाही. परीक्षेला इथूनच बसावं लागेल. दुसऱ्या कॉलेजात आता कोणी घेणार नाही. फोटो वापरायचे की नाही ते कॉलेज ठरवेल, ॲडमिशनच्या वेळीच सगळ्या पालकांनी त्याला हो म्हटलेलं असतं. शहरातले फ्लेक्स या मोसमात उतरणार नाहीत. आणि सर, तुमच्या भावाचा मुलगाही इथेच आहे, जरा विचार करा. मॅडम वाईट बोलत नव्हत्या, चहाही मागवला त्यांनी. पण प्रत्येक वाक्यानंतर खोली थोडी लहान होत होती. निशिगंधा माझ्या बाजूला बसून कोटाचं बटण फिरवत होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं आणि तिला ते बरं वाटत असावं.

बुद्धभूषण वाद घालणारा माणूस नाही. तो प्रत्येक गोष्टीला बरं म्हणाला. दाखला नाही, बरं. परीक्षा इथून, बरं. फ्लेक्स राहू दे, बरं. "भावाला मी फोन करतो," म्हणाला, "काय सांगायचं ते मी सांगीन. पण ती रोज घरून येईल. रात्री इथं राहणार नाही."

एवढं मिळालं. जास्त नाही. रोज पहाटे दोन बस बदलून तिला तिथेच जायचं होतं, त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढे, परीक्षा होईपर्यंत. मॅडमनी सांगून ठेवलं की उशीर झाला तर आत घेणार नाहीत.

हॉस्टेलवरून तिची पेटी, गादीची वळकटी आणि बादली निघाली. तिचा हिंगोलीचा चुलतभाऊ, बुद्धभूषणचा पुतण्या, तो पेटी उचलायला आला. दीदी, तू चाललीस, एवढंच म्हणाला. निशिगंधानं त्याला आपलं घड्याळ दिलं, गजराचं. मग म्हणाली, मी उद्या आहेच इथं. तो मान हलवून परत गेला, त्याचा अभ्यासाचा तास सुरू होणार होता.

आम्ही ऑटोत बसलो. पेटी पायाखाली, बादली माझ्या मांडीवर, वळकटी तिच्या आणि तिच्या बापाच्या मधे. उप्पलपाशी ट्रॅफिक असं अडकलं की ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं आणि पुढच्या बसवाल्याला तेलुगूत शिव्या घालायला लागला. माझ्या तोंडाशी दहा गोष्टी येत होत्या. मी बादलीची कडी धरून बसले.

बऱ्याच वेळानं बुद्धभूषणनं घसा साफ केला. त्याला विचारायचं असेल पुढे काय करायचंय, काय शिकायचंय, त्याच्या मनात ते कधीपासून जमलं असणार. "बेटा, पुढे तुला," एवढं तो म्हणाला.

"पप्पा, आत्ता काही विचारू नका."

"बरं," तो म्हणाला.

तिनं वळकटीवर डोकं टेकवलं आणि झोपली. तोंड उघडं टाकून, ओठाच्या कोपऱ्यातून जराशी लाळ. त्यानं खिशातून फोन काढला नाही, मीही काढला नाही. बस हलली, ऑटोवाल्यानं किक मारली, आणि धक्क्यानं तिचं डोकं घसरलं तेव्हा बुद्धभूषणनं वळकटीखाली हात घालून ती सरळ धरली. तारनाका येईपर्यंत तो हात त्यानं तसाच ठेवला.